सुट्टीआधी मवाळ होणारे साहेब

कोर्टात सगळे तिला स्टेनोबाई म्हणत, घरात ती मावशी. साहेबांच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, तो तिच्या वहीत लघुलिपीत उतरलेला असायचा. अकरा वर्षं एकाच न्यायाधीशांचे निकाल तिने असे घेतले आणि टाइप केले, पण एका अक्षरावर कुणी बोट ठेवलं नाही. याचा तिला भारी अभिमान होता, आणि तो लपवण्याइतकी ती साधी नव्हती.

साहेबांपुढे सगळी अपिलं घरांची. मालकाने खालच्या कोर्टातून घर रिकामं करायचा हुकूम मिळवला, की भाडेकरू इथे धावत यायचा.

मावशीकडे राहून तिची भाची संख्याशास्त्र शिकत होती. प्रबंधासाठी तिने साहेबांचेच बाराशे निकाल कॉम्प्युटरमध्ये भरले. त्यांचा कल वर्षागणिक कसा बदलला हे गणिताने शोधायचं आणि पुढचे निकाल आधीच सांगायचे, असा तिचा बेत.

"अगं, त्यापेक्षा मला विचार की," मावशी म्हणाली होती. "चहा गार मिळाला की अपील फेटाळतात."

एका रविवारी भाची उड्या मारतच स्वयंपाकघरात आली. "मावशी, सापडलं! तुझे साहेब वर्षभर मालकांच्या बाजूने असतात, आणि मोठ्या सुट्टीआधी तीन आठवडे एकदम भाडेकरूंवर माया! दरवर्षी! सर म्हणाले, हा प्रबंध गाजणार. गुरुवारी द्यायचाय."

मावशीने कौतुकाने आलेख पाहिला आणि हातातली पळी खाली ठेवली. सुट्टीआधी काय व्हायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अपील फेटाळायचं तर साहेब दोन पानांत आटोपायचे. मंजूर करायचं तर खालच्या कोर्टाचं एकेक म्हणणं खोडून काढत वीस-पंचवीस पानं सांगायचे. मावशीचं मनगट दुखायचं, म्हणून ती छोटे निकाल आधी टाइप करायची आणि जाडजूड निकाल गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायची. टाइप झालेलाच निकाल कोर्टात वाचला जाई आणि तारीखही त्याच दिवसाची पडे. सुट्टी तोंडावर आली की गठ्ठा संपवावाच लागे.

गप्प बसावं, असं तिला पाच मिनिटं अगदी मनापासून वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोरीचं नाव होईल, आपलीही अब्रू राहील. पण साहेबांवर नाहक ठपका येणार, आणि पोर उद्या खोट्या गोष्टीवर शाबासकी घेणार. तिने गॅस बंद केला आणि सगळं सांगून टाकलं.

भाची आधी रडली, मग चिडली, मग दोघी इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली.

"म्हणजे मी बाराशे निकालांतून तुझं मनगट मोजलं?"

"आणि अचूक मोजलंस हो! रडू नकोस. साहेबांनी कुठला निकाल कधी सांगितला, ती तारीख माझ्या वह्यांत आहे. प्रत्येक निकालाच्या माथ्यावर."

सोमवारी मावशीने साहेबांपुढे कबुली दिली आणि जुन्या वह्या वापरायची परवानगी मागितली. साहेबांना हसून हसून ठसका लागला. "बाई, अकरा वर्षं कोर्ट तुम्ही चालवलंत तर!" मग त्यांनी चष्मा पुसला. "पण जिंकणारेच सगळ्यांत जास्त दिवस टांगणीला लागले की हो."

ते मावशीच्या फार जिव्हारी लागलं. इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच दुपारी तिने गठ्ठा उलटा केला.

तीन दिवस मावशी तारखा वाचत होती आणि भाची टाइप करत होती.

"हळू सांग ना गं!"

"मला कधी कुणी हळू सांगितलंय?"

सुट्टीआधीचा उंचवटा सपाट झाला आणि त्याखालून एक रेघ सावकाश चढताना दिसली. साहेब खरंच बदलले होते. सातव्या वर्षापासून ते भाडेकरूंकडे हळूहळू झुकत गेले होते. भाचीने पुढच्या दहा निकालांचे अंदाजही बांधले. ते दहाही साहेबांनी सांगून मावशीच्या वहीत आधीच उतरले होते, पण ती मूग गिळून बसली. पुढे नऊ बरोबर निघाले आणि परीक्षकांनी भाचीची पाठ थोपटली.

त्यातला पहिला निकाल शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा. सुट्टीला अजून दोन महिने होते. साहेबांनी अपील मंजूर केलं, आणि बाई बाहेर येऊन बाकावर मटकन बसली. मावशी पाणी घेऊन धावली.

"अहो, जिंकलात तुम्ही! घर तुमचंच राहिलं. रडताय काय?"

"वकील म्हणाले होते, या कोर्टात निकाल लवकर लागला की हरलात समजा. सगळे वकील हेच सांगतात म्हणे. म्हणून मी कालच सामान बांधलं हो. मशीनसुद्धा खोलून ठेवलं."

वकिलांना हे सगळं कॉम्प्युटरशिवाय कळलं होतं! मावशीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं, तिथेच, त्या बाईचा हात धरून.

कोर्ट सुटल्यावर ती भाचीला घेऊन बाईच्या घरी गेली. भाची मशीन जोडायला बसली. बोचकी सतरा होती. मावशीने एकाही बोचक्याची गाठ दुसऱ्या कुणाला सोडू दिली नाही.