कौसाबाईंच्या पोळ्या खाल्लेली माणसं

कौसाबाई पोळी तव्यावर करत नसत, फ्राइंग पॅनमध्ये करत. लांब दांडीचं, जाड लोखंडी, काठ वर आलेलं ते भांडं बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरच्या बायकोनं त्यांना दिलं होतं. भरवेलीच्या खाणवस्तीतली आमची अख्खी लाइन त्यावरून त्यांना हसायची. आमलेटाच्या भांड्यात पोळ्या करते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांत मीही होते. लग्न होऊन नुकतीच आलेली, हजेरीबाबूची बायको म्हणून उगाचच तोऱ्यात वावरणारी. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं, आणि ते कौसाबाईंवर नाही.

त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं मुसळाखाली चेचून कायमची आखडली होती. त्या हातात चिमटा धरता येत नसे, दांडी मात्र नीट पकडता येई. म्हणून ते भांडं. उजव्या हातानं लाटायचं आणि डाव्या हातानं हिसका देऊन आतल्या आत पोळी पलटायची, इतकी साधी गोष्ट. ती विचारून घ्यायचं एकीच्याही मनात आलं नाही, हसायला मात्र सगळ्या पुढे.

मी त्यांच्याकडे गेले ती गरजेनं. दुष्काळाची वर्षं होती. आमच्या या धानाच्या मुलखात तांदूळ दिसेनासा झाला होता आणि रेशनवर तो लाल गहू मिळायचा. त्याच्या माझ्या पोळ्या अशा व्हायच्या की ह्यांनी एकदा ताटावर वाजवून दाखवली. कौसाबाईंनी माझी कणीक दोन बोटांनी दाबली आणि म्हणाल्या, "हे काय भिजवलं का दगड फोडले? सैल भिजव. हाताले चिकटली पाह्यजे. मंग झाकून ठेव अन् घरचे कामं कर." भांडं चांगलं तापल्यावर पहिली बाजू नुसता रंग बदलेपर्यंत ठेवायची, लगेच पलटायची, दुसरी जरा जास्त होऊ द्यायची. मग फडक्याची घडी करून कडेकडेनं हलकं दाबायचं. काठामुळे ऊब आत राहायची आणि निखाऱ्यावर न टाकताच पोळी टम्म व्हायची. माझी पहिली पोळी फुगली तेव्हा मी ती घेऊन शेजारी दाखवायला निघाले. मागून आवाज आला, "पोळी फुगली पाह्यजे, बाई नाही."

नवरा खाणीतच होता त्यांचा, तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. लाइनीतली खोली त्यांच्याकडे राहिली ती एवढ्याचसाठी की आठ एकटे कामगार त्यांच्या हातचे डबे नेत, आणि मुकादमानं वर शब्द टाकला होता. डबे चालू तोवर खोली. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ताप असला तरी त्या पहाटे उठून चूल पेटवत. "डबा चुकला तं खोली गेली," म्हणत, "अन् खोली गेली तं भावाच्या दारात भांडे घासाले जा लागते."

त्या साली नागपंचमी आली. आमच्याकडे त्या दिवशी तवा चुलीवर ठेवत नाहीत. तवा म्हणजे नागाचा फणा. चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही. एरवी भात-वरण, कढी, वाफवलेले कानोले यांवर दिवस सहज निघायचा. पण घरात तांदूळच नाही तर भात कशाचा? आणि पहिल्या पाळीला जाणारा गडी डब्यात कढी नेणार काय? पहाटे सगळ्या बायका नळावर तोंडं पाडून उभ्या. कौसाबाई बादली भरता भरता म्हणाल्या, "तवा नाही ठेवाचा ना? मी कुठं तवा ठेवून राह्यली? माह्यापाशी तवाच नाही. अन् नागोबाले भूक समजते, बाप्पा. त्यानं कधी म्हटलं का लेकरं उपाशी ठेवा म्हणून? आणा कणीक."

आणि आणली की सगळ्यांनी. परातीवर पराती. मी लाटत होते, त्या भाजत होत्या. मला आजही एकेकीचं नाव घेऊन सांगता येईल कोण किती घेऊन गेली. मुकादम स्वतः दारात उभा राहून सहा पोळ्या बांधून घेऊन गेला. त्याच्या बाविशीतल्या भाच्यानं तर उभ्या उभ्या गूळ घालून दोन खाल्ल्या आणि म्हणाला, "कौसामावशी, हर साल ऐसाच करत जा."

त्याच दिवशी दिवेलागणीला तो भाचा लाकडांच्या ढिगातून सरपण काढायला गेला आणि त्याला पान लागलं, साप डसला. बालाघाटला नेईपर्यंत संपला. पोरगा गोड होता. सगळी लाइन रडली, आणि कौसाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली की पंचमीला कुणीतरी भाजलं होतं. कुणीतरी. अरे, श्रावणात ओल्या लाकडांच्या ढिगात साप नसेल तर कुठे असेल? पण हे त्या वेळी कोण बोलणार? आपल्या पोटात गेलेली पोळी विसरायची एवढी घाई मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

नळाजवळच्या चिंचेखाली सगळे जमले. मुकादमाचा भाचा गेला होता, त्याचं दुःख मी नाकारत नाही. पण सहा पोळ्या खाल्लेल्या तोंडानंच मुकादमानं विचारलं, "कौसाबाई, सच सच सांग. पंचमीले भाजलं का नाही?"

"हौ, भाजलं."

"कोणासाठी?"

ह्यांनी माझं कोपर दाबलं. दाबलं नसतं तरी मी काही बोलले असते असं नाही, खोटं कशाला सांगू. मी माझ्या पायातल्या जोडव्यांकडे बघत बसले. शेवटी त्यांचा आवाज आला, "माह्यासाठी."

एकटीसाठी एवढ्या पोळ्या कशाला, असं एकानंही विचारलं नाही. किती झाल्या होत्या ते सगळ्यांना माहीतच होतं. दुसऱ्या दिवशी डबे बंद झाले. ज्या बायकांनी परातीच्या पराती भाजून नेल्या होत्या, त्या आता त्यांच्या दारावरून जाताना पोरांना कडेवर उचलून घेऊ लागल्या. पंधरा दिवसांत खोली दुसऱ्याला दिली गेली.

कौसाबाई निघाल्या त्या सकाळी मी गेले. बोचकं बांधून तयार होतं, भाऊ बैलगाडी घेऊन वारासिवनीहून आला होता. मला रडू यायला हवं होतं, आला तो राग, आणि तो मी त्यांच्यावरच काढला. म्हटलं, "नावं का नाही घेतलीत तुम्ही? मुकादमाचं घ्यायचं, सगळ्यांची घ्यायची. माझं घ्यायचं. मी लाटत होते ना तुमच्या शेजारी बसून?"

त्यांनी बोचक्याची गाठ दातानं ओढून पक्की केली.

"नावं मी काहून घेऊ, पोरी? तोंडं तं तुमच्यापाशीही होते. मी एकेकाकडं पाह्यलं, कोणी उठते का म्हणून. तुह्याकडं सगळ्यात जास्त वेळ पाह्यलं."