आत्याबाईंचे पाय

आमच्या वृद्धाश्रमात पुढच्या बाजूला खोल्या आहेत आणि मागं एक लांबलचक हॉल आहे. स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाता येतं ती माणसं पुढं राहतात. ज्यांना येत नाही ती मागं. मागचा हॉल वाईट नाही. पंखे चांगले, चादरी रोज बदलतात, तिथल्या मावश्या स्वभावानं गोड. फक्त तिथं गेलेलं माणूस पुन्हा पुढं राहायला आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

उन्हाळ्यात एका मांजरीला हाकलायला मी अंगणात धावले. या वयात धावायचं काही अडलं होतं का? मांजर गेली, मी पडले, खुबा मोडला. जालन्याला नेऊन डॉक्टरांनी आत सळई घातली. परत आले तेव्हा आमचे व्यवस्थापक खुर्ची ओढून पलंगाशी बसले. भला माणूस आहे, वाईट बातमी देताना खाली बघतो. म्हणाले, "आजी, दिवाळीपर्यंत तुमची खोली तशीच ठेवतो. तोवर तुम्ही एकट्या बाथरूमला जाऊ लागल्या तर प्रश्नच न्हाई. न्हाईतर मंग मागं सोय करू."

माझ्या पलंगापासून बाथरूमचं दार चौदा फरश्यांवर आहे.

व्यायाम घ्यायला जालन्याहून स्कूटीवर एक मुलगी येते, फिजिओथेरपी शिकलेली. तिच्या घरी उर्दू, आमच्याशी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम.

"काय करून राह्यल्या आजी? गुडघा वर घ्या. अजून. बराबर."

"अजून वर घेतला तर तुझ्या नाकाला लागेल."

"लागू द्या. माझं नाक मजबूत आहे, तुमचा गुडघा बघा."

पहिल्या आठवड्यात तिनं माझी पोटरी हातात धरली आणि मी खाली पाहिलं. कातडी हाडावरून सुटून लोंबत होती, नडगी चाकूसारखी वर आलेली, टाच गुळगुळीत आणि गुलाबी, जमिनीशी अजून संबंधच न आलेल्या बाळासारखी. तो पाय मी ओळखला. तो माझा नव्हता, आत्याबाईंचा होता. माझ्या सासूबाईंचा. सहा वर्षं रोज तो पाय मी चेपला आहे, स्वतःच्या पायाकडे इतकं बघायला मला सवड कधी होती?

तेव्हापासून त्या येतात, जाऊन इतकी वर्षं झाली तरी. दुपारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले, शेडचे पत्रे उन्हानं टकटक वाजायला लागले की भिंतीच्या कडेनं पाय घासत चालल्याचा आवाज येतो. पलीकडच्या पलंगावरच्या बाईंना विचारलं, "ऐकू येतंय का?" त्या म्हणाल्या, "मला तर तुमचं बोलणंच ऐकू येत न्हाई, बाकीचं काय विचारता."

आता माझी फुशारकी सांगते. त्या वेळी मी बावीस वर्षांची होते आणि गावातली सर्वांत गुणी सून होते. हे मीच ठरवलं होतं. आत्याबाई गोठ्यात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. अंबडकडचा एक हाड बसवणारा आला, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि जाताना बजावलं, "दीड महिन्यानं उठवा आणि चालवा." दीड महिन्यानं आत्याबाई आपल्या आपणच उठल्या. काठी घेऊन, भिंतीला हात लावून ओसरीवर आल्या. तेव्हाच शेजारीण ताक मागायला आली होती. ती म्हणाली, "सून घरात असून म्हातारी भिंत धरून हिंडून राह्यली का?"

एवढंच म्हणाली. पण माझ्या नाकाला असं झोंबलं की काय सांगू. मी आत्याबाईंना धरून आत नेलं, निजवलं, आणि काठी माळवदावर नेऊन टाकली. मग सेवा सुरू झाली. घास मी भरवायचा, अंग मी पुसायचं, वेणी मी घालायची. "मला नुसतं ओसरीपर्यंत ने गं," त्या म्हणायच्या. "कशाला आत्याबाई, मी आहे ना," मी म्हणायची. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांना मी मुद्दाम आत नेऊन दाखवायची: पांढरी चादर, तेल लावलेले केस, कपाळावर बुक्का. बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी पदर सावरून मान खाली घालायची. ती मान खाली घालण्याचा मी आरशासमोर सरावसुद्धा केला होता, खोटं कशाला बोलू.

पहिल्या वर्षी आत्याबाई ओसरीवर ने म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी कुशीवर वळव म्हणायच्या. नंतर काही म्हणेनाशा झाल्या. मला वाटलं, समाधानी आहेत.

गणपती बसायच्या आधीच्या रविवारी माझा मुलगा आला. संभाजीनगरला नोकरी करतो, स्वभावानं बापासारखा मऊ. मी वॉकर धरून उभी होते, चार फरश्या झाल्या होत्या, घाम गळत होता आणि डोळ्यांतून पाणी. ती मुलगी समोर उभी राहून म्हणत होती, "टाच टेकवा. पहिले टाच." त्याला ते बघवेना. त्यानं मला धरून पलंगावर बसवलं आणि तिला म्हणाला, "बस करा मॅडम. आई पंचाहत्तर वर्षांची आहे, तिला कुठं शर्यत लावायची आहे."

"शर्यत न्हाई भाऊ," ती म्हणाली, "बाथरूम."

तो हसला नाही. ऑफिसात जाऊन बोलून आला. व्यायाम बंद करायचा, दिवसरात्र एक बाई माझ्या उशाशी ठेवायची, आणि मागच्या हॉलमध्ये खिडकीजवळची जागा तो मागून आला होता, आजच. "तुला बोट हलवावं लागणार न्हाई आई. तू आजीला जसं ठेवलं होतंस ना, तसंच. मी लहान होतो तरी आठवतंय. सगळं पलंगावर. अख्खं गाव नाव काढायचं."

भिंतीच्या कडेनं घासण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, कोणीतरी नीट ऐकायला उभं राहिलं आहे.

पन्नास वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या बापालासुद्धा नाही. गप्प बसले असते तर मुलाच्या मनातली ती गुणी सून तशीच राहिली असती आणि मी खिडकीजवळ. मी म्हणाले, "बस. आजीला चालता येत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे येत होतं. मी चालू दिलं न्हाई. लोक नावं ठेवतील म्हणून. तिची काठी मी लपवली. सहा वर्षं तिला मी निजवून ठेवलं, आणि पाय गेले ते हाड मोडून न्हाई गेले, माझ्यानं गेले."

ती मुलगी पिशवी आवरायच्या निमित्तानं वळली. तो म्हणाला, "आजी ओरडायची का?"

"न्हाई. ओरडली असती तर बरं झालं असतं."

त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग उठून ऑफिसात गेला. परत आला तो सरळ त्या मुलीकडं गेला. तिला म्हणाला, "मॅडम, उद्या येणार का?" नंतर चहा न घेताच गेला. त्यानंतर दोन आठवडे त्याचा फोन आला नाही. ते माझ्या वाट्याचं आहे, घेते.

मुलगी येत राहिली. सहा फरश्या झाल्या, मग नऊ. एकदा अकरावीवर पाय लटपटले तेव्हा तिनं मला सावरायला हात पुढं केला आणि आखडता घेतला. मी तिच्यावर इतकी चिडले आणि इतकी खूश झाले की पडायचं विसरले.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी, ती यायच्या आधी, मी वॉकर ओढला आणि निघाले. माझ्या मागं, अर्ध्या पावलावर, कोणीतरी पाय घासत येत होतं. मी वळून पाहिलं नाही. भीती वाटत होती, आणि वळले असते तर तोल गेला असता. चौदावी फरशी, मग उंबरा, मग आत. दार लोटलं आणि कडी लावली. कडी घट्ट होती, दोन्ही हातांनी सरकवावी लागली.

थोड्या वेळानं मावशीनं दारावर थाप मारली. "आजी, आत आहात का? बऱ्या आहात ना?"

मला ओ देता आली असती. दिली नाही. कमोडवर बसून मी त्या कडीकडे बघत होते. सहा वर्षांत आत्याबाईंना मी एकदाही, घटकाभरसुद्धा, बंद दाराआड एकटं सोडलं नव्हतं. बाहेर मावशी पुन्हा हाक मारत होती. मी तोंडावर पदर धरून अजून थोडा वेळ बसून राहिले.