शेफालीदींचा अभिमान

शेफालीदी गेल्या, हे मला त्यांचे यजमान सुब्रतबाबू यांनी फोनवर कळवलं. मी तेव्हा शुवैखच्या एका गॅरेजपाशी मुलाच्या गाडीत बसलो होतो. गाडीचा एसी बिघडला होता आणि मुलगा गॅरेजवाल्याशी हुज्जत घालत होता. "दादा, शेफाली चली गई." मी मूर्खासारखं विचारलं, "कहाँ?"

आम्ही इथं कुवेतमध्ये एकाच हॉस्पिटलात होतो. मी एक्स-रे विभागात, त्या लॅबमध्ये. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण सगळे दीदी या अर्थानं 'दी' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या बंगालीत मुलांसाठी गोष्टी लिहीत आणि कोलकात्याच्या बालमासिकांत त्या छापून येत. माझं नाव भालचंद्र. एकदा बायकोनं मला 'भालू' अशी हाक मारलेली त्यांनी ऐकली आणि चहाचा कप खाली ठेवून हसत सुटल्या. "भालू? सच में?" तेव्हापासून मी भालूदा झालो आणि त्यांच्या गोष्टींत एक अस्वल आलं. या अस्वलाला कुवेतचा उन्हाळा सोसत नाही, म्हणून ते शुवैखच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी धरतं. दर शुक्रवारी घरी बायको-पिल्लाला फोन करून सांगतं, "इथं अगदी गार आहे, काळजी करू नका, पुढच्या सुट्टीत नक्की येतो." आणि येत नाही.

दी मोडक्या हिंदीत गोष्ट सांगत, मी ती मराठीत आणून आपल्या मराठी मंडळातल्या मुलांना वाचून दाखवी. मुलं प्रश्न इंग्रजीत विचारत, पण ऐकत मन लावून. या गोष्टीचा शेवट दींनी असा सांगितला होता : "बच्चा फोन पे नहीं आया. उसको अभिमान हुआ." मी लिहिलं, अभिमानानं पिल्लाचा कंठ इतका दाटून आला, की त्याला फोनवर येताच येईना. आईबापांनी डोळे पुसले, टाळ्यांचा कडकडाट झाला. दी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "यहाँ ताली क्यों?" मी म्हटलं, "अच्छा लगा सबको." त्यांनी टाळ्या वाजवणाऱ्या मुलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मराठी बच्चे बहुत बहादुर होते हैं."

पुढं त्या आजारी पडल्या. माझी बायको ज्यात गेली, तोच आजार. सालमियाला त्यांच्या घरी जायचं मी टाळत राहिलो. तसेच डोळे पुन्हा पाहायची माझी छाती नव्हती. फोनवर म्हणायचो, "शुक्रवार को आता हूँ, पक्का." एक दिवस त्यांचा आवाजी निरोप आला, धाप लागलेला : "भालूदा, आपके ऊपर मुझे बहुत अभिमान हुआ है." मी तो मुलाला आणि सुनेला दोनदा ऐकवला. एवढ्या दुखण्यातही बाईंना माझं कौतुक! त्या आनंदात मला वाटलं, आता घाई कसली...

शोकसभेत मी हेच सांगितलं. शेवटपर्यंत दींना माझा अभिमान होता, असं माइकवरून. बंगाली मंडळींनी माना खाली घातल्या. नंतर लिफ्टपाशी सुब्रतबाबूंनी माझा हात धरला. "दादा, वो हमारा बंगाली वाला अभिमान था."

"मतलब?"

"जिस पे हक होता है, उसी पे होता है. वो रूठी थी. आप आते, मनाते... बस."

लिफ्ट आली, गेली. मी तिथंच उभा.

त्यानंतर मला नीट झोप नाही. दींच्या अस्वलकथांचं मराठी पुस्तक तयार होतं आणि मलपृष्ठावर दींच्या निरोपातली 'भालूदा, तुमचा मला फार अभिमान वाटतो' ही ओळ जाणार होती. पुस्तकाचं काम पाहणाऱ्या केतकीला मी फोन करून ती ओळ काढायला सांगितली.

"काका, इतकी गोड ओळ आहे. कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना, बाई."

"अहो, फाइल आज छपाईला जातेय! आणि गोष्टीचा शेवटही बदलायचा म्हणताय."

"संध्याकाळपर्यंत थांब. सुब्रतबाबूंना विचारून येतो."

टॅक्सीत सारखी धाकधूक होती : ते दार उघडतील का, तोवर केतकीनं फाइल पाठवली तर... सुब्रतबाबूंनी दार उघडलं. मी उभ्याउभ्याच नवा शेवट वाचला : 'पिल्लू रुसलं होतं. ते फोनवर आलं नाही.' 'रुसलं' म्हणजे काय, ते हिंदीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हाँ. यही." मलपृष्ठावरची ओळ काढ आणि शेवट हा घाल, असं केतकीला मी तिथूनच कळवलं. 'ओके काका, थांबवलंय,' असं तिचं उत्तर आलं.

सुब्रतबाबू चहा टाकायला आत गेले. दींची लिहायची वेताची खुर्ची खिडकीशी तशीच होती, दाराकडे पाठ करून. कुणीही आलं तरी त्या हातातलं वाक्य संपल्याशिवाय वळत नसत. पाठमोऱ्याच म्हणत, "बैठिए." मी जरा वेळ मागं थांबलो. मग वळसा घालून पुढं गेलो आणि गुडघे कुरकुरत असतानाही त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो.