डाव्या गालावरचा टिपका

जास्वंदीचं फूल पुरतं उमलेल म्हणून मी सकाळी सहापासून अंगणात ठाण मांडून होतो. गुडघे ओल्या मातीत, एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला. उन्हाची तिरीप पाकळीवर आली, मी बटण दाबलं, आणि फोटोत फुलाऐवजी शिरा उठलेला एक काटक हात आला. फूल केव्हाच परडीत जाऊन पडलं होतं.

"जवाईबापू, देवानं दोन डोये देल्ले," परडीवाल्या सासूबाई म्हणाल्या, "तुमी एकानंच काहून पायता?"

गिरजाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उमरेडजवळच्या खेड्यातून गुडघ्यांच्या दुखण्यापायी आमच्या मनीषनगरच्या घरी राहायला आल्या, त्याच सुमारास मी कॅमेरा घेतला. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी आपण मुळात छायाचित्रकार आहोत असा शोध मला लागला होता. चाळिशीत तबलजी असल्याचा लागला होता. तो शेजाऱ्यांनी मोडून काढला. या खेपेला मोडायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं.

त्यांचा वैरभाव अतिशय अदबशीर होता. जावयाला 'अहो-जाहो' सोडून कधी बोलल्या नाहीत, आणि त्या 'अहो'त इतकं तिखट असे की सावजीच्या रश्श्यालाही घाम फुटावा. ज्या फुलावर मी कॅमेरा रोखीन तेच त्या देवासाठी तोडत. तक्रार केली तर म्हणत, "फूल देवाचं हाय. देवाच्या डोक्यावरून उतरलं का मंग काढा फोटू."

रोज सकाळी परसातल्या खिळ्याला त्या आपला तळहाताएवढा आरसा अडकवत आणि केस विंचरत. हा आरसा त्यांनी गावाहून पदरात बांधून आणला होता. आमच्या कपाटाच्या पुरुषभर उंच आरशाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. आपल्या छोट्या आरशात पाहताना त्या एकदा हनुवटीवरून बोट फिरवत. तिथे गोंदणाचे तीन हिरवट टिपके होते. एक दोन भुवयांच्या मध्ये होता आणि एक डाव्या गालावर. मी हे रोज पाहत होतो, आणि तरी मला काही दिसत नव्हतं. एक डोळा मिटून पाहण्याचं मला वळण पडलं होतं.

एका हिवाळ्यात मात्र त्या फोटोला बसल्या. मुलीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, रेखानं, फार गळ घातली म्हणून शेवंतीच्या कुंड्यांशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, ताठ. "एकच काढा," अशी ताकीद दिली. मी नेम धरत मागे सरकलो आणि पाय थेट कुंडीत गेला. पडता पडता माझ्याकडून बटण दाबलं गेलं. सासूबाई हसत होत्या, तोंडावर हात न ठेवता, सगळे उरलेसुरले दात दाखवून. तसा फोटो मी आधी काढला नव्हता आणि नंतरही मला जमलेला नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण फोटो 'स्वच्छ' कसा करावा, हे सांगणारा एक व्हिडिओ मी त्याच आठवड्यात पाहिला होता. बोट फिरवलं की डाग नाहीसा. मी फिरवत गेलो. सत्तरीच्या सासूबाई संध्याकाळपर्यंत पन्नाशीत येऊन बसल्या. सुरकुत्या गेल्या, आणि सुरकुत्यांबरोबर पाचही टिपके गेले. मूळ फोटो वेगळा जपून ठेवायचा असतो, हे त्या व्हिडिओच्या दुसऱ्या भागात सांगितलं होतं म्हणे. मी पहिला भाग पाहूनच कलावंत झालो होतो.

धरमपेठेतून झकास फ्रेम करून आणली आणि मेव्हण्याच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गावी, साऱ्या सोयऱ्यांसमोर सासूबाईंच्या हाती दिली. बायका वाकून वाकून पाहू लागल्या. कुणीतरी म्हणालं, आत्या तर मास्तरीण दिसून राहिली. मी नम्रपणे मान खाली घालून पुढच्या कौतुकाची वाट पाहत होतो.

सासूबाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "हे कोण होय?"

मी म्हटलं, तुम्हीच की.

काचेवरून त्यांचं बोट हनुवटीपाशी येऊन थांबलं. "अन् माहं गोंदण?"

"ते डाग होते ना, काढले सगळे," मी म्हणालो. आजही हे वाक्य आठवलं की मी चालता चालता रस्त्यात थांबतो.

"डाग," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मेल्यावर सोनं लोकं काढून घेतात, जवाईबापू. गोंदण तेवढं संग येते. वरतं माही माय उभी हाय. तिनं मले कशावून ओळखाव?"

परतीच्या एसटीत रेखानं सांगितलं ते मला लग्नाला चोवीस वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. सासूबाई सात वर्षांच्या असताना त्यांच्या आईनं त्यांना बाजाराच्या दिवशी गोंदणारणीपुढे मांडीवर धरून बसवलं होतं. त्या रडल्या म्हणून गालावरचा टिपका आईनं जास्तीचा मागून घेतला, नजर लागू नये म्हणून. पुढच्याच वर्षी आई गेली. तिचा फोटो नाही, लुगडं नाही, भांडं नाही. आईनं दिलेलं म्हणावं असं त्यांच्यापाशी तेवढंच होतं, आणि ते त्या चेहऱ्यावर घेऊन फिरत होत्या.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या. जे बोलायचं ते तुळशीशी, पण मला ऐकू जाईल असं. कॅमेरा दिसला की पदर नाकापर्यंत खाली किंवा पाठ माझ्याकडे. माझ्यापाशी सासूबाईंच्या पाठीचे इतके फोटो आहेत की त्यावर कुणी प्रदर्शन भरवावं. एका रविवारी माझा कचेरीतला मित्र दिवाकर हौसेनं फोटो काढून घ्यायला आला, तर त्याला चहा देता देता म्हणाल्या, "नाक सांभाळा गा भाऊ. हे पुसून टाकतात." दिवाकरनं तो सगळा तास नाकाला हात लावून काढला.

मी माफी मागितली, दोनदा. तिसऱ्यांदा कॅमेरा घेऊनच गेलो. म्हटलं, एकदाच बसा, जसंच्या तसं काढतो, टिपका न् टिपका.

त्यांनी तुळशीला पाणी घातलं. "चेहरा एकडाव देल्ला होता. हरवला त्यायनं."

मग मीही चिडलो. चार टिपक्यांसाठी माणसानं किती ताणावं, असं रेखाला मोठ्यानं, सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणालो. तुळशीपाशी उत्तर तयार होतं: "पाच होते वं माय. त्यायले मोजताबी येत नाही."

ती फ्रेम घरात कुठे दिसेना. विचारलं तर रेखाकरवी निरोप आला, ती बाई पडली असन कुठं तरी. चुलीत घातली असणार, असं मी धरून चाललो. घरात चूल नाही हे मला सुचलं नाही.

दोन वर्षं असंच चाललं. गेल्या उन्हाळ्यात, कूलर लावलेल्या खोलीत, दुपारी जरा पडते म्हणून पडल्या त्या उठल्या नाहीत. आदल्या दिवशीच माझा मोगरा कळ्यांसकट तोडला होता. आमचा समेट झाला नाही. तो झाला असं लिहिलं तर तुळस मला सोडणार नाही.

तेरवीला फोटो हवा होता आणि माझ्यापाशी पाठीच होत्या. रेखानं त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम निघाली. मागचे खिळे उचकटून परत बसवलेले. फोटोवर, माझ्या गुळगुळीत केलेल्या कातडीवर, त्यांनी पेनानं टिपके काढले होते. भुवयांमध्ये एक, हनुवटीवर तीन, गालावर एक, इतके दाबून की कागदाला खळगे पडलेले. पेन हिरव्या शाईचा होता. कचेरीत साहेबी दिसावं म्हणून मी आणला होता आणि हरवल्याबद्दल घरभर आरडाओरडा केला होता, तोच.

"गालावरचा चुकला," रेखा म्हणाली.

खरंच. टिपका फोटोतल्या उजव्या गालावर होता. त्या छोट्या आरशात त्या आयुष्यभर स्वतःला पाहत आल्या होत्या. आरशात तो ज्या बाजूला दिसे त्याच बाजूला त्यांनी तो काढला. आईनं दिलेला टिपका त्यांना तिथेच ठाऊक होता.

मला ते दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती. हाताला सवयीनं खाजही सुटली. मी काच पुसली आणि फ्रेम तशीच भिंतीला लावली.

तेरवीला आलेल्या मेव्हण्यानं मान तिरकी करून फोटो निरखला. "भाऊजी, टिपका उलट्या गालावर घेतला गा तुमी."

"हो," मी म्हणालो. "माझ्याच हातून झालं ते."

वरून सासूबाई हसत होत्या, माझा पाय कुंडीत गेला तेव्हाचं हसू.