खरी नक्कल

“ही आपल्याकडची असली तरी मराठी नाही हं. मराठी मुलगी एवढा वेळ गप्प बसलीच नसती,” पाहुण्यांमधल्या एक आजी सोबतच्या आजोबांना म्हणाल्या, माझ्यापासून दोन हातांवर.

मी मान वर केली नाही. ऑकलंडच्या दक्षिणेला जुन्या वसाहतीचं एक म्युझियम आहे. लोहार, खोगीरवाला, छापखाना, वकिलाचं ऑफिस. रविवारी आम्ही त्या काळचे कपडे घालून तिथे कामं करून दाखवतो. लोहाराला लोकांशी बोलावं लागतं. म्हणून मी वकिलाच्या कारकुनाचं काम मागून घेतलं. खाली मान घालून, शाईत टाक बुडवून दस्ताची नक्कल उतरवायची, बस.

तिसऱ्या रविवारी त्याच त्या जमिनीच्या दस्ताला कंटाळून मी मराठीत लिहू लागले. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी लिहिणं आईला मेसेज करण्यापुरतं. पण वाचणार कोण? आमचे वकीलसाहेब, म्हणजे काळा कोट घालणारे आणि खोटी मिशी चिकटवणारे माझे बॉस, ही त्या काळच्या कारकुनांची शॉर्टहँड आहे, असं पाहुण्यांना खुशाल सांगायचे.

आताही त्यांनी तेच सांगितलं. आजींनी लगेच इंग्रजीत कळवलं, की आम्ही इथे जवळच, टाकानिनीला मुलीकडे आलोय आणि हे चाळीस वर्षं कोर्टात कारकून होते.

“मग तुम्हीच वाचा की, सर!” साहेब खूश झाले आणि माझ्यासमोरचा कागद उचलून त्यांनी आजोबांच्या हातात दिला.

कागदावर होतं: ‘साहेबांची मिशी आज पून्हा चहात पडली. मुर्ख माणुस आहे. पण बिस्कीटं देतो.’

 न बोलता बसायची एवढी एकच जागा मला या देशात सापडली होती. ती आता जाणार. फार तर लोहाराकडे पाठवतील, ओरडायला.

आजोबांनी शेवटपर्यंत वाचलं. साहेबांच्या मिशीकडे एकदा नीट पाहिलं.

“ट्रू कॉपी,” ते गंभीरपणे म्हणाले.

“स्वीट ॲज!” म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. डावं टोक सुटलं.

ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळताच आजोबा माझ्याकडे वाकले. “बाळ, आमच्या कोर्टात नक्कल म्हणजे हुबेहूब प्रत. खाली ‘खरी नक्कल’ असा शेरा मारायचो. तू तर साहेबांचीच नक्कल केलीस. आणि मूर्खातला मू दीर्घ.”

“अगंबाई, हिला कळतंय सगळं?” आजी दोन पावलं मागे सरकल्या.

नेहमीसारखं नुसतं हसून भागलं असतं. पण मी कागद परत घेतला, मू दीर्घ केला, टाक शाईत बुडवून त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, “आजोबा, मग खाली शेरा मारून सही करता का?”