हौसेची कंबर

गच्चीवरच्या कुंड्यांतली माती उकरताना माझ्या कमरेत उसण भरली आणि घरातले सगळेच डॉक्टर झाले. "बागकाम करायचंच असेल तर स्टुलावर बसून कर," नवरा म्हणाला. "वाकायचं नाही म्हणजे नाही," सासूबाईंनी बजावलं. किती ही काळजी, असं वाटून मी सुखावले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी तांदळाच्या पिठाचा डबा माझ्या हातात दिला. चेन्नईत आमच्या दारात रोज कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, हवाच, आणि तोही उभ्यानं, कमरेत वाकून. बसून काढलेला त्यांना चालत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. "छोटासाच काढ ना," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे माझी कंबर फक्त माझ्या हौसेच्या कामांनीच दुखते का?" असं विचारत मी डबा त्याच्या हातात कोंबला आणि स्टूल उचलून गच्चीवर निघून गेले.