कोपरा कापलेली कार्डं

नातवाच्या नव्या बुटांचा कातडी वास आला आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारातलं दाजींचं खोगिरांचं दुकान डोळ्यांपुढे उभं राहिलं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. गोष्ट स्वातंत्र्याआधीची. यात्रेपूर्वी ते घोडेवाल्यांच्या घरी पोस्टकार्डं पाठवत. लिहायचं काम माझं. जाहिरात कोणी वाचत नाही, म्हणून त्या वर्षी मी दाजींना न विचारता प्रत्येक कार्डाचा कोपरा कापला. मयताची बातमी तशाच कार्डाने येते. ते कोणी बाजूला टाकत नाही.

यात्रेत धानोऱ्याची एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. नवरा परगावी धडधाकट होता, पण कार्ड हातात पडताच तिने बांगड्या फोडल्या होत्या. मनगटांवर काचेचे ओरखडे होते.

"तुन्हा खोगीर इकाकरता मन्ह्या बांगड्या फोडाले लाव्यात का रे भाऊ?"

दाजींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "चूक मन्हीच शे, बहीण," म्हणत ते तिच्या पायांशी वाकले. मी खाली मान घालून चाबूक पुसत राहिलो.

पुढे लोकांनी त्यांच्याकडून खोगीर घेणं सोडलं. दाजी गेले, तेव्हाही तिरडीमागे त्या कार्डांचीच कुजबुज चालली होती. मी खांदा देत होतो, आणि गप्प होतो.